सारखे निघालेले दोन वाटे

जमीन मोजणाऱ्या माणसाची वाट कुणी आनंदानं पाहत नाही. ज्यानं अर्ज केलेला असतो त्याला वाटतं, हा शेजाऱ्याला फितला. शेजाऱ्याला वाटतं, हा अर्जदाराच्या घरी जेवून आला. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत असतं, ते म्हणजे साखळी नीट ताणलेली नव्हती. निजामाच्या राज्यात परभणी जिल्ह्यात मी पैमाइशीच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या, नोकरीला लागलो तो विशीत. राज्य गेलं, दफ्तराची उर्दू गेली, पण मी अजून त्याच कामात आहे.

गमती पुष्कळ आहेत. राणीसावरगावचा एक म्हातारा हळदकुंकू लावल्याशिवाय साखळी शेतात टाकू द्यायचा नाही. "लोखंडाची लक्ष्मी हाय ती. रागावली तर बांध खाती," म्हणायचा. देवगाव फाट्याजवळ दोन चुलतभावांचं हद्दीवरच्या चिंचेवरून वितुष्ट आलं होतं. मोजणी केली तर चिंच तिसऱ्याच्याच शेतात निघाली. त्या तिसऱ्याला पत्ताच नव्हता. तो म्हणाला, "मंग भांडता कशाला? दोघं बी न्या की चिंचा." असले किस्से मी जेवणावळीत सांगतो आणि लोक हसतात. आज मात्र जो किस्सा मी कधी सांगितलेला नाही तो लिहायचा आहे.

त्याआधी आमचं काम थोडक्यात सांगतो. आमची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेत कसंही वेडंवाकडं असो, त्याचे त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणाचा पाया आणि उंची मोजायची, गुणून निम्मं करायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. हद्दीच्या दगडापासून दगडापर्यंत साखळी सरळ जाते. हद्द मध्येच बाहेर फुगत असेल तर त्या सरळ रेषेवरून ठिकठिकाणी काटकोनात आडवी मापं घ्यावी लागतात, म्हणजे तो फुगवटाही हिशेबात येतो. आडवी मापं घेणं कंटाळवाणं असतं. दहा पावलं चालायचं, थांबायचं, काटकोन साधायचा, माप घ्यायचं, लिहायचं, परत दहा पावलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, कार्तिकात, पालमपासून दोन कोसांवरच्या एका गावी मला पोटहिस्सा पाडायला पाठवलं. लिंगायत कुटुंब होतं. थोरला भाऊ वारला होता. धाकटा मन्मथप्पा आणि थोरल्याची बायको गिरजाबाई यांचे वाटे कागदोपत्री वेगळे करायचे होते. भांडण असं नव्हतं. सातबाऱ्यासारखा जो कागद तेव्हा असे, त्यावर खातेदार म्हणून मन्मथप्पाचं नाव होतं आणि गिरजाबाईंना आपल्या तुकड्यावर आपलं नाव हवं होतं, एवढंच. मन्मथप्पाही म्हणाला, "वैनीचं वैनीला लिवून द्या साहेब. माजं मला."

जमीन मात्र मी आजवर पाहिली नव्हती अशी होती. ओढ्याच्या काठाला विहीर, आणि विहिरीपासून पलीकडं अर्धी भाकर ठेवावी तशी अर्धगोल जमीन. त्या घराची रीतच तशी होती. ते विहीर वाटत नसत, विहिरीपासून जमीन कापत. भाकरीचे तुकडे करतात तसे वाटे, प्रत्येकाचं निमुळतं टोक विहिरीच्या थारोळ्याला टेकलेलं. मोटेचं पाणी थारोळ्यात पडलं की ते थेट आपापल्या तुकड्यात जाणार. कुणाचा पाट कुणाच्या शेतातून न्यायला नको, आणि पाण्यावरून तंटा नको. बाहेरची कड दोर फिरवून ठरवलेली. मोटेचे नाडे एकमेकांना बांधून सात साखळ्यांचा दोर करायचा, त्याचं एक टोक विहिरीपाशी धरायचं, दुसरं घेऊन चालत जायचं, आणि चालणारा जिथून जाईल ती हद्द. पाणी सगळ्यांना सारखंच लांब.

लांबी सारखी, पण रुंदी सारखी नव्हती. गिरजाबाईंच्या सासऱ्यांनी वाटणी करताना मातीचा विचार केला होता, हे मला मागाहून कळलं. मन्मथप्पाकडं काळी जमीन आली, म्हणून त्याचा तुकडा अरुंद. थोरल्याकडं मुरमाड आली, म्हणून त्याचा तुकडा दुप्पट पसरट. काळीच्या एका वाट्याला मुरमाडचे दोन. कडेवर दगड तीनच होते. दोन ओढ्याकाठी दोन टोकांना आणि एक दोन वाट्यांच्या मधे. गोल कडेवर दगड रोवायची त्यांना गरज वाटली नव्हती. दोर होता ना.

मन्मथप्पाच्या तुकड्यात कापूस उभा होता. गिरजाबाईंचा तुकडा त्या वर्षी पडीक होता. नवरा गेला, पेरणीला माणूस नव्हता. कुसळी गवत वाढलेलं आणि कडेची खूण अगदी पुसट झालेली.

आम्ही मन्मथप्पाच्या बाजूनं सुरुवात केली. विहिरीपासून दगड सात साखळ्या, दगडापासून दगड सात साखळ्या, परत विहिरीपर्यंत सात. तिन्ही बाजू सारख्या. त्रिकोण सव्वाएकवीस गुंठ्यांचा निघाला. मग गिरजाबाईंची बाजू. विहिरीपासून दोन्ही दगड सात-सात साखळ्यांवर, दगडापासून दगड बारांहून थोडं जास्त. पण विहिरीपासून त्या रेषेची उंची साडेतीनच साखळ्या. गुणलं, निम्मं केलं. सव्वाएकवीस गुंठे.

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे. मी मनात म्हटलं, वा! दोन भावांचे दोन सारखे वाटे. मोजणीत असा मेळ बसला की माणूस हुरळतो. मेळ बसला म्हणजे मोजणी बरोबर, असं आम्हाला शिकवलेलं असे.

साखळी धरणारे खाजामियाँ माझ्यापेक्षा वयानं दुप्पट आणि नोकरीनं दसपट. ते रेषेच्या पलीकडं गवतात उभे राहून म्हणाले, "साब, हद तो उधर है. आड़ी मापाँ नईं लेते क्या?"

"ते पडीत आहे मियाँ. पोटखराब दिसतंय."

"पोटखराब?" त्यांनी पायानं गवत बाजूला केलं. "नांगर के निशान दिखते साब."

मी पाहिलं नाही. ऊन चढलं होतं, मन्मथप्पाच्या घरून जेवणाचं बोलावणं दोनदा येऊन गेलं होतं, आणि माझे आकडे जुळले होते. कुणी म्हणेल, जेवणाला भुललास. तसं नव्हतं. मला कुणी काही दिलं नाही. दिलं असतं तर निदान दोष वाटून घ्यायला कुणी असतं.

दोन्ही त्रिकोण मिळून साडेबेचाळीस गुंठे झाले. जुन्या नोंदीत सगळी जमीन सत्त्याहत्तर गुंठे होती. उरलेले साडेचौतीस गुंठे मी पोटखराब म्हणून लिहिले, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. बेरीज जुळली. आणि पोटखराब खातेदाराच्या नावावर राहतं. खातेदार मन्मथप्पा.

गिरजाबाई इतका वेळ विहिरीजवळ लिंबाखाली बसून होत्या. असतील पस्तीस-छत्तीसच्या. मी नकाशा वाचून दाखवल्यावर त्या उठल्या, डोईवरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सारकी कशी असंल, साहेब?"

"मापात निघाली बाई."

"न्हाई. तुमी दोर फिरवा. नाडे हायती हितं, मी बांदून देते."

"सरकारी मोजणी साखळीनं होते. दोर ओला झाला की आकसतो, सुकला की लांबतो."

"मंग साखळीनं कड मोजा. कडंकडंनं चाला." त्या बोटानं हवेत गोल काढत होत्या. "माजी कड दोन दोर भरती अन् वर थोडं. भाऊजींची एक दोर अन् वर थोडं. विहिरीपासून लांबी दोघांची येकच. मंग जमीन सारकी कशी असंल? मामंजी सांगायचे, कड निम्मी करायची अन् दोराच्या लांबीनं गुणायची."

मन्मथप्पा हसून म्हणाला, "वैनी, साहेब शाळा शिकून आलेत. तुमी त्यांना शिकवायलाव व्हय?"

जमलेले पाचसहा जण हसले. मीही हसलो. आणि मग मी एक वाक्य बोललो, ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हटलं, "बाई, क्षेत्र कडेवरून ठरत नसतं."

वाक्य ऐकायला बरोबर होतं. लांब कडेच्या जमिनीचं क्षेत्र लहान असू शकतं, हे आम्हाला पहिल्याच धड्यात शिकवतात. ते वाक्य त्या जमिनीला लागू नव्हतं एवढंच.

गिरजाबाईंनी अंगठा केला नाही. मी शेऱ्यात लिहिलं, "हिस्सेदार बाई नामंजूर, कारण सांगता येत नाही." त्यांनी कारण सांगितलं होतं. मला समजलं नव्हतं.

चार वर्षांनी मी खात्याच्या परीक्षेला बसलो. पास झालो तर नोकरी कायम आणि वरची जागा. परभणीत एका ओळखीच्यांच्या माडीवर अभ्यास करत होतो. उर्दू पुस्तकात एक प्रकरण होतं, वर्तुळाच्या तुकड्याचं क्षेत्र. दोन त्रिज्या आणि मधली कमान यांनी वेढलेला तुकडा. रीत दिली होती. कमानीची लांबी निम्मी करावी आणि तिला त्रिज्येनं गुणावं.

मी दोनदा वाचलं. मग पाटी घेतली. सात साखळ्यांची त्रिज्या. अर्धगोलाचे तीन भाग, त्यातला एक भाग मन्मथप्पाचा, दोन गिरजाबाईंचे. बावीस सप्तमांशानं कमान काढली. मन्मथप्पाची सव्वासात साखळ्यांहून किंचित जास्त, म्हणजे एक दोर आणि वर थोडं. गिरजाबाईंची पावणेपंधराच्या आसपास, म्हणजे दोन दोर आणि वर थोडं. निम्मी केली, सातानं गुणली. मन्मथप्पा पावणेसव्वीस गुंठ्यांना थोडं कमी. गिरजाबाई एक्कावन्न गुंठ्यांवर.

मी भाकरीचा विचार केला. तुकड्याच्या दोन टोकांना सुरी सरळ लावून कापलं तर बाहेरची गोल कड निघून जाते. तुकडा अरुंद असेल तर कडेचा थोडाच भाग जातो. तुकडा पसरट असेल तर सुरी पार विहिरीजवळून जाते आणि अर्ध्याहून जास्त भाकर पलीकडं पडते. मी तशीच सुरी लावली होती. मन्मथप्पाचे साडेचार गुंठे पलीकडं गेले आणि गिरजाबाईंचे तीस. उरलेले दोन त्रिकोण सारखे निघाले, ते त्या कोनांच्या स्वभावामुळं. एक दुसऱ्याच्या दुप्पट होता आणि दोन्ही मिळून अर्धगोल, तेव्हा ते सारखेच निघणार होते. ज्या मेळावर मी हुरळलो होतो तो मेळच चुकीचा होता.

तसाच प्रश्न त्या वर्षी परीक्षेत आला. मी बरोबर सोडवला. पास झालो.

इथं खरं तर माझी लाज सुरू होते. पहिली चूक अज्ञानाची होती, आळसाची होती, ती माफ होण्यासारखी आहे असं मी स्वतःला सांगू शकतो. पण मला समजल्यानंतर मी आणखी दोन वर्षं गप्प बसलो. कायम होण्याचा हुकूम हातात येऊ दे, म्हणून. हुकूम आला. मग बदलीचं होऊ दे, म्हणून. दरम्यान खाजामियाँकडून कळलं की मन्मथप्पानं पहिल्याच पावसाळ्यात ते पोटखराब नांगरलं, गाळ घातला, आणि तिथं तूर चांगली येते. गिरजाबाई त्याला आडव्या गेल्या तेव्हा गावानं त्यांनाच वेडं ठरवलं. सरकारनं मोजलंय, साखळीनं मोजलंय, आणि ही बाई दिराच्या जमिनीवर डोळा ठेवून खोटं बोलते. त्या एकदा नाडे बांधून चावडीत घेऊन गेल्या होत्या, कुणीतरी धरा आणि फिरवा म्हणत. कुणी धरलं नाही. मियाँ एवढंच म्हणाले, "बाई सच्ची थी साब." माझ्याकडं न बघता म्हणाले.

शेवटी मी वरच्या साहेबांकडं गेलो. त्यांनी माझी पाटी बघितली. हुशार माणूस होता, एका नजरेत समजला.

"दुरुस्ती होईल," ते म्हणाले. "पण कारण काय लिहिणार? आडवी मापं घेतली नाहीत असं लिहिलंत तर तुमची वरची जागा गेली."

मग त्यांनीच वाट दाखवली. वाट दाखवली असं मी म्हणतो, पण तिकडं पाऊल मीच टाकलं. मी लिहून दिलं, "मौक्यावर उभं पीक असल्यामुळं त्या वेळी कडेची मोजणी होऊ शकली नाही."

फेरमोजणीला मीच गेलो. या वेळी सगळी आडवी मापं घेतली. मन्मथप्पानं हरकत घेतली नाही. तो मान खाली घालून साखळीमागं चालत होता. गोल कडेवर दर दोन साखळ्यांवर दगड रोवले. तीस गुंठे गिरजाबाईंच्या नावावर गेले. पटवाऱ्यानं हुकूम चावडीत वाचून दाखवला, कारणासकट.

गिरजाबाई चावडीच्या पायरीशी उभ्या होत्या. सगळे पांगल्यावर जवळ आल्या.

"साहेब, माज्या तुकड्यात तवा पीक व्हतं का?"

मी म्हटलं, "जमीन मिळाली ना बाई आता?"

"मिळाली. देव तुमचं भलं करो. पर पीक व्हतं का?"

"कागदावर काहीतरी कारण लिहावं लागतं."

"मंग मानसांना तोंडानं सांगा. हितं चावडीत. ही बाई खरं बोलत व्हती एवढंच सांगा. सहा वर्सं मी खोटारडी हाय गावात. पानी भराया गेले तर बायका हंडे आवरून घेतात, ही आमच्या घागरी बी मोजंल म्हनून."

पटवारी अजून आत दप्तर बांधत होता. चारपाच जण पारावर बसले होते. हाक मारली असती तर आले असते. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला येतो तेव्हा सांगतो," आणि घोड्यावर बसलो. पटवाऱ्याच्या कानावर गेलं असतं तर तालुक्याला गेलं असतं, अशी मला भीती वाटली. ज्या जागेसाठी मी भ्यायलो ती जागा पुढं मला मिळाली आणि मी अजून त्याच जागेवर आहे.

पुढची खेप आली नाही. रझाकारांची धामधूम, मग राज्यच बदललं, मग बदल्या. निमित्तं कमी पडली नाहीत. मला तिथं जायचं असतं तर रस्ता होता.

गेल्या साली पोरीचं लग्न झालं आणि घरात एकाएकी शांतता झाली. त्या शांततेत मला ते पायरीवरचं बोलणं रोज ऐकू यायला लागलं. एका रविवारी मी एसटीनं पालमला उतरलो आणि पायी निघालो.

गोल कड दुरून ओळखू आली. मुरमाडावर करडई छान दाटली होती. गिरजाबाई दारातच ज्वारी पाखडत होत्या. केस पांढरे, नजर अधू झालेली, पण आवाजावरून मला ओळखलं. "मोजनीचे साहेब न्हवं का? बसा." आतून एक सून पाणी घेऊन आली, दुसरी डोकावून गेली. मन्मथप्पाच्या सुना होत्या. गिरजाबाईंना मूलबाळ नव्हतं, आणि दिराचं घर आता त्यांच्या शब्दावर चालत होतं. मन्मथप्पा दोन वर्षांमागं वारला होता.

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. पुस्तक, परीक्षा, पीक नव्हतं, मी खोटं लिहिलं. शेवटी म्हणालो, "बाई, चावडीत चला. मी चार लोक बोलावतो. तुम्ही म्हणाला होतात ते आज सांगतो."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"लय उशीर केला, दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि आत सुना आहेत का याचा कानोसा घेत तिकडं मान वळवली. "ज्यांनी मला खोटारडी म्हटलं ती मानसं खपली. या पोरी नंतरच्या. यांना ठाऊकच न्हाई मला कुनी असं म्हनत व्हतं. यांची मी मोठी आई हाय. तुमी चावडीत सांगायला लागलाव म्हंजी यांना आता कळंल की सहा वर्सं यांच्या मोठ्या आईला गाव काय म्हनत व्हतं, अन् यांचा सासरा काय करत व्हता."

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की सांगणं माझ्या हातात आहे, कधीही जावं आणि सांगावं.

"तुमाला बरं वाटंल सांगून," त्या म्हणाल्या. रागानं नाही, समजुतीनं म्हणाल्या. "मला न्हाई वाटायचं. तवा वाटलं असतं."

मग मोठ्यानं सुनेला म्हणाल्या, "अगं, साहेबांला च्या टाक. जुन्या वळकीचे हायती. आपली जमीन यांनीच नीट मोजून दिली."

सून कौतुकानं माझ्याकडं बघून आत गेली. मी चहा घेतला. पाचच्या एसटीनं परत आलो.

म्हणून मी या लेखात गावाचं नाव लिहिलेलं नाही. मन्मथप्पा हे त्याचं खरं नाव नाही, आणि गिरजाबाई हे त्यांचं नाही.